इतिहासाच्या प्राध्यापकांचं चरित्र: सुरुवात कपाटापासून

दप्तरदार

तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या प्राध्यापकांवर घरच्यांनी किंवा विद्यार्थ्यांनी लिहिलेली चरित्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते. जन्म, शिक्षण, पदव्या, नेमणुका, ग्रंथसूची हे सगळं तारीखवार असतं आणि शेवटी 'कुटुंबवत्सल होते, समाजासाठी झटले' अशी दोन वाक्यं. 'पुरावा काय?' असं विचारायला ज्यांनी आयुष्यभर शिकवलं, त्यांच्याच चरित्रात हे दोन दावे बिनपुराव्याचे राहतात. पुरावा घरातच असतो. चरित्राचा विचार मनात येण्याआधीच्या आवराआवरीत तो रद्दीत गेलेला असतो.

मानपत्रं, पदव्या आणि छापील लेख नीट फायलीत राहतात. आधी बाहेर जातात त्या हजेरीच्या वह्या, शिफारसपत्रांच्या कार्बन प्रती, घरखर्चाच्या वह्या, उसन्या दिलेल्या पुस्तकांची नोंद, समित्यांची इतिवृत्तं, खिशातल्या छोट्या डायऱ्या. व्हायला हवं नेमकं उलटं. छापील लेख कुठल्या तरी ग्रंथालयात पुन्हा मिळेल. उसन्या पुस्तकांची वही मात्र एकच असते, आणि कोणता विद्यार्थी घरी येऊन काय वाचत होता हे फक्त तीच सांगते.

म्हणून पहिल्या दिवशी काहीही आवरायचं नाही. खोलीच्या चारही कोपऱ्यांतून फोटो, मग प्रत्येक कपाटाचे, मग प्रत्येक खणाचे, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक खणात क्रमांकाची चिठ्ठी ठेवून फोटो काढायचा: 'क२-ख३' म्हणजे दुसरं कपाट, तिसरा खण. टेबलावरचा पसाराही जसा आहे तसा टिपायचा. म्युलर, फेइथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली काढलेल्या नियमपुस्तकात हे तत्त्व ठामपणे मांडलंय: दप्तर, म्हणजे एका माणसाचा किंवा संस्थेचा कागदसंग्रह, ज्या रचनेत तयार झालं ती रचना मोडायची नाही. घरातल्या कागदांनाही ते लागू आहे. व्याख्यानाच्या टिपणांत कुणाच्या तरी शुल्काच्या पावत्या निघाल्या तर 'चुकून आल्या' म्हणून बाजूला काढू नका. त्या तिथे का आहेत, हाच चरित्राचा प्रश्न असू शकतो.

कागदांचे विषयवार गठ्ठे करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. विषयवारी वहीत करा, कागद आहेत तिथेच राहू द्या. वहीत सात रकाने पुरतात: खण क्रमांक, गठ्ठा क्रमांक, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कागदांचा प्रकार, कोणाकडून कोणाला, अंदाजे पानं, शेरा. गठ्ठ्याच्या पातळीवर नोंद आधी पुरी करा. एकेक कागद वाचत बसलात तर पहिलं कपाट संपायच्या आत उत्साह संपतो.

ओलीशाई

चांगला धागा. कागद हाताळण्याबद्दल लिहिते, कारण सर्वांत जास्त नुकसान प्रेमाने केलेल्या साफसफाईत होतं.

ओलं फडकं अजिबात नको. मऊ, रुंद ब्रशने मधून बाहेरच्या बाजूला धूळ काढायची, तोंडाला एन-९५ मास्क. हात धुऊन पूर्ण कोरडे केले तर कागदाला हातमोजे लागत नाहीत. जाड कापडी मोज्यात पान चिमटीत नीट येत नाही आणि कडा फाटतात. फोटो आणि निगेटिव्हला मात्र मोजे हवेतच.

टाचण्या, स्टेपल आणि पेपरक्लिप गंजून कागदाला भोक पाडतात. त्या काढा, पण कोणते कागद एकत्र टोचलेले होते हे आधी पेन्सिलीने लिहून ठेवा. रबरबँड कडक होऊन चिकटला असेल तर ओढू नका, पातळ बोथट पट्टीने हळूहळू सोडवा. जुनी चिकटपट्टी घरी सोडवायला जाऊच नका. पट्टीबरोबर अक्षरंही निघून येतात.

लॅमिनेशन करायचं नाही, कितीही महत्त्वाचा कागद असला तरी. ते उष्णतेने चिकटतं आणि पुन्हा काढता येत नाही. पीव्हीसीच्या स्वस्त पारदर्शक पिशव्यांना झेरॉक्सची शाई चिकटते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या चालतात. वर्तमानपत्राची कात्रणं स्वतः पिवळी पडतात आणि शेजारच्या कागदालाही डाग देतात, तेव्हा ती आम्लरहित कागदाच्या घडीत वेगळी ठेवा आणि मूळ जागी तशी चिठ्ठी ठेवा. फॅक्सचे जुने गुळगुळीत कागद सगळ्यांत आधी स्कॅन करा. ते उष्णतेच्या छपाईचे असतात, त्यांवरची अक्षरं उडत जातात.

डांबरगोळ्या कपाटात टाकू नका. त्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे आणि कीड त्याने खात्रीने मरतही नाही. कसर लागलेली वही घट्ट बंद प्लास्टिकमध्ये घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवायची आणि बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. लगेच उघडली तर हवेतली वाफ थंड कागदावर जमून तो ओला होतो.

भिजलेल्या कागदांना बुरशी धरायला ४८ ते ७२ तास पुरतात. तेवढ्यात सुकवणं शक्य नसेल तर गोठवून ठेवा, म्हणजे वेळ मिळतो. साठवणीच्या जागेत सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्के आणि तापमान २० अंशांच्या आसपास असलं की उत्तम. तेवढं जमत नसेल तर निदान मोठे चढउतार टाळा. माळा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट या दोन्ही जागा वाईट.

कागदावर काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. पेन नाहीच.

पानांतर

सगळं स्कॅन करून टाकलं की प्रश्नच मिटला, असं बहुतेक कुटुंबांत म्हणतात. मग नोंदवहीचा खटाटोप कशाला?

दप्तरदार

पानांतर, हिशोबच मांडू. साध्या कागदाचा पाच सेंटिमीटर जाड गठ्ठा म्हणजे साधारण ५०० पानं. एक मीटर लांबीचा खण घट्ट भरलेला असेल तर दहा हजार. घड्या, जाड पुठ्ठे आणि मोकळी जागा वजा केली तरी सहा हजार धरा. निम्मे कागद पाठपोट लिहिलेले असले तर नऊ हजार प्रतिमा झाल्या. कागद उलगडणं, ठेवणं, फाइलला नाव देणं यात प्रतिमेमागे दोन मिनिटं गेली तर ३०० तास, आणि हे एकाच खणाचं. ए४ पान ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) पूर्ण रंगात घेतलं की न दाबलेली टिफ फाइल (प्रतिमेचा पूर्ण तपशील जपणारा प्रकार) २६ एमबीच्या आसपास भरते, म्हणजे नऊ हजार प्रतिमांना २३० जीबीहून जास्त जागा. आणि इतकं करून हाती येतात त्या नऊ हजार निनावी प्रतिमा, ज्यांत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं.

म्हणून नोंद आधी. मग वहीवरून ठरवायचं: विरणारे कागद पहिले, जगात एकच प्रत असलेले दुसरे, छापील मजकूर शेवटी किंवा नाहीच.

स्पष्ट मजकुराला ३०० डीपीआय पुरतात. समासातल्या फिकट पेन्सिलीला ४००, फोटोंना ६००, आणि ३५ मिमी निगेटिव्हला २४०० तरी हवेतच. कृष्णधवल निवडू नका, कारण शाईच्या रंगावरून काळ ठरतो (यावर कुणीतरी सविस्तर लिहावं). मूळ टिफमध्ये जपायचं, वापरायला जेपेग काढायचं. फाइलच्या नावात साल पुढे, मग महिना, मग दिवस, मग खण-गठ्ठा क्रमांक. साल पुढे असलं की यादी आपोआप कालक्रमाने लागते. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. डिस्क दरवर्षी उघडून तपासायची आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायची.

तिथिनिश्चय

शाईच्या रंगाबद्दल मी लिहितो. इतिहासाच्या प्राध्यापकांच्या घरचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित ऐवज म्हणजे व्याख्यानाची टिपणं. 'जुन्या नोट्स' म्हणून टाकल्या जातात. एकच टिपण वीस वर्षं वापरलेलं असतं आणि दरवर्षी त्यात भर पडलेली असते. मूळ मजकूर एका शाईत, समासातली दुरुस्ती दुसऱ्या, वर चिकटवलेली पट्टी तिसऱ्या. एक माणूस आपलं मत कसं बदलत गेला, ते त्या एका कागदावर दिसतं.

टिपणांवर तारीख क्वचितच असते. ती ठरवायला तीन खुणा वापरा. पहिली, त्या थरात उल्लेखलेलं सर्वांत अलीकडचं पुस्तक किंवा लेख: तो थर त्या प्रकाशनवर्षाच्या आधीचा असू शकत नाही. दुसरी, कागदाची मागची बाजू. बहुतेक प्राध्यापक परिपत्रकांच्या आणि परीक्षेच्या सूचनांच्या पाठीवर लिहितात, आणि छापील बाजूला तारीख असते. तिथेही 'या तारखेनंतर' एवढंच म्हणता येतं, कारण पाठकोरे कागद वर्षानुवर्षं साठवून वापरतात. तिसरी, अभ्यासक्रम. एखादी प्रश्नपत्रिका कोणत्या वर्षापासून बदलली हे संस्थेच्या छापील अभ्यासक्रमावरून कळतं. निदान दोन खुणा जुळल्याशिवाय साल लिहू नका. एकच असेल तर सालापुढे प्रश्नचिन्ह टाका.

नेहमीची चूक म्हणजे टिपणातल्या सर्वांत नव्या थराचं साल सगळ्या टिपणाला लावणं. मग तिशीतला विचार पन्नाशीतला ठरतो आणि पुढचं सगळं विवेचन घसरतं.

एकाच मजकुराचे दोन-तीन खर्डे असतील तर सगळे ठेवा. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांचं उदाहरण बोलकं आहे. इतिहासाच्या पद्धतीवरचं त्यांचं अपुरं हस्तलिखित त्यांच्या मृत्यूनंतर मित्र आणि सहकारी ल्युसिअँ फेव्र यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलं. पुढे मुलगा एतिएन याने खर्डे पुन्हा तपासून १९९३ साली नवी आवृत्ती काढली. घरच्यांनी कागद सांभाळले होते म्हणूनच चाळीस वर्षांनंतरही ते तपासता आले.

सायली_वाचक

वाचते आहे. डायऱ्यांत नुसत्या वेळा आणि आद्याक्षरं असतात, वाक्य एकही नसतं. त्यांचा काही उपयोग होतो का?

तिथिनिश्चय

सायली, खूपच. आद्याक्षरांची किल्ली आधी बनवा: पत्ते लिहिलेली वही, लग्नपत्रिका, विद्यार्थ्यांच्या याद्या यांच्याशी ताडून. मग प्रत्येक आद्याक्षर किती वेळा आणि कोणत्या वेळी येतं ते मोजा. दर आठवड्याला संध्याकाळी एकच आद्याक्षर सलग चार वर्षं येत असेल तर ती शिकवणी असेल, उपचार असतील, नाहीतर एखाद्या आजारी नातेवाइकाची भेट. मुलाखतीला जाताना हा मोजलेला आकडा हातात हवा. 'सर कुणाकडे जायचे?' या प्रश्नाला अंदाजाचं उत्तर मिळतं. 'चार वर्षं दर गुरुवारी सहा वाजता कुठे जायचे?' असं विचारलं की माणसं आठवू लागतात.

श्रुतयोजन

मुलाखतींचा विषय निघालाच आहे तर क्रमापासून सुरुवात करते. वयाने सर्वांत मोठ्या आणि प्रकृतीने सर्वांत नाजूक माणसाकडे आधी जायचं. प्रसिद्ध विद्यार्थी नंतरही भेटतील. यादीत ग्रंथपाल, शिपाई, टंकलेखक, शेजारी, सून आणि नापास झालेले विद्यार्थी हवेतच. सत्कारात बोललेल्या माणसांकडे तयार वाक्यं असतात, त्यांच्याकडून नवं फारसं निघत नाही.

एकेकट्याशी बोला. दोघं-तिघं एकत्र बसले की सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याची आठवण सगळ्यांची होते. बैठक ६० ते ९० मिनिटांची, त्याहून लांबवू नये. पंखा आणि फ्रिज शक्यतो बंद, माइक तोंडापासून हात-दीड हातावर, खाली मऊ कापड. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाइलप्रकार) असं ध्वनिमुद्रण केलं की स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी लागतो. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं मोठ्याने म्हणायची.

'सर कसे होते?' हा प्रश्न विचारूच नका. 'फार मोठे होते' एवढंच उत्तर येतं. विचारायचं ते असं: वर्गात आल्यावर पहिली पाच मिनिटं काय करत? फळ्यावर काय लिहीत? उशिरा आलेल्याला काय म्हणत? घरी पाहुणे असताना मुलांचा अभ्यास कुठे चाले? पगाराच्या दिवशी काय होई? प्रश्न विचारून झाला की दहा सेकंद गप्प बसायचं. महत्त्वाचं पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं. फोटो दाखवायचे असतील तर मोकळी आठवण सांगून झाल्यावर. आधी दाखवले तर माणूस आठवण सोडून फोटोचंच वर्णन करतो.

तासाभराचं बोलणं अक्षरशः उतरवायला चार ते सहा तास लागतात, नवशिक्याला जास्तच. पंधरा माणसं, प्रत्येकी दोन बैठका म्हणजे तीस-पस्तीस तासांचं ध्वनिमुद्रण आणि दीडशे-दोनशे तास उतरवणं. हे आधीच धरून चाला, नाहीतर ध्वनिफिती तशाच पडून राहतात.

लोक साल चुकतात, प्रसंगांचा क्रम सहसा कमी चुकतात. म्हणून साल विचारण्याऐवजी 'मोठ्या मुलीच्या जन्माआधी की नंतर?' असं विचारा. दोघांच्या हकिकती जुळल्या नाहीत तर एक खरी आणि एक खोटी ठरवायची घाई नको. दोन्ही लिहा, कोणी कुठून पाहिलं तेही लिहा. आणि संमतिपत्र त्याच दिवशी घ्या: मजकूर कुठे वापरायचा, नाव द्यायचं का, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा.

घरात जुन्या कॅसेट असतील तर वाजवण्याआधी मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या खाचा मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. फितीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी असू शकते. वाजवू नका, जाणकाराकडे द्या.

निळी_वही

श्रुतयोजन यांच्या यादीत सून आहे, पत्नी नाही. अनवधानाने राहिलं असेल, पण अशा चरित्रांत हीच गोष्ट हटकून राहते म्हणून वेगळं लिहिते.

'कुटुंबवत्सल' हा शब्द एकाच दिशेने वापरला जातो: प्राध्यापकांनी कुटुंबाला काय दिलं. कुटुंबाने संशोधनाला काय दिलं ते प्रस्तावनेतल्या आभाराच्या एका ओळीत संपतं. ते कागदांवर मात्र दिसतं. संदर्भकार्डांचे खण उघडा आणि अक्षर बघा. सूची कोणाच्या अक्षरात आहे? मुद्रितांवरच्या दुरुस्त्या कोणाच्या? दप्तरखान्यातून उतरवून आणलेल्या नकलांची स्वच्छ प्रत कोणी केली? प्रत्येक खणातली दर दहावी कार्डं काढून अक्षरं मोजा. तीन रकाने करा: त्यांचं, पत्नीचं, इतरांचं. तुलनेसाठी घरखर्चाची वही आणि जुनी पत्रं वापरा. अक्षर ओळखताना एखाद-दुसरं वळण पुरत नाही. अंक, जोडाक्षरं आणि शिरोरेघ ओढायची पद्धत, तिन्ही जुळायला हवीत.

घरखर्चाची वही वाचताना खर्च कशावर झाला एवढंच बघू नका, कोणत्या महिन्यात काय बंद झालं तेही बघा. पुस्तक छापायला काढलं त्या वर्षी कोणते खर्च आटले? बाहेरगावच्या संशोधनाच्या महिन्यांत घरातल्या नोंदी कोणी लिहिल्या? संशोधनाची किंमत कोणी चुकवली ते असं समजतं.

श्रुतयोजन

निळी_वही, अगदी बरोबर. यादीत पत्नी किंवा पती पहिल्या नावावर हवेत, आणि त्यांची मुलाखत त्यांच्या स्वतःच्या आयुष्यापासून सुरू व्हायला हवी, 'सरांबद्दल सांगा' पासून नाही.

पत्रवेल्हाळ

पत्रांकडे कोणी वळलेलं दिसत नाही. घरातल्या पेटीत सापडतात ती आलेली पत्रं. प्राध्यापकांनी लिहिलेली पत्रं दुसऱ्यांच्या घरी असतात. नुसती आलेली पत्रं वाचून लिहिलेलं चरित्र म्हणजे फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकण्यासारखं.

इतिहासकार जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धं शतक चालला. सरकारांचं वास्तव्य पाटणा, कलकत्ता, दार्जिलिंग असं फिरतं, सरदेसाई बडोद्याला आणि मग कामशेतला. पुणे रेसिडेन्सीच्या (पेशवे दरबारातल्या इंग्रज वकिलातीच्या) कागदपत्रांच्या खंडांचं संपादन दोघांनी मिळून केलं. इतक्या अंतरावरून चाललेलं असं काम समजून घ्यायचं तर दोन्ही बाजूंचे कागद लागतातच.

आलेल्या पत्रांवरून पाठवणाऱ्यांची यादी करा आणि पाच किंवा अधिक पत्रं असलेल्या प्रत्येकाच्या घरी लिहा. मागणी मूळ पत्रांची करू नका, प्रतींची करा. नकार मिळण्याचं मुख्य कारण पत्रं परत येणार नाहीत ही भीती असते. घरी जाऊन समोरच फोटो काढू असं सांगितलं की होकार सोपा होतो. फोन पत्राला समांतर, खिडकीचा उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद, शेजारी मोजपट्टी. पाकिटं टाकू नका. अर्धवट तारखेचं पत्र पोस्टाच्या शिक्क्यावरून लागतं.

कायद्याचं एक सूत्र ध्यानात ठेवा. पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण त्यातले शब्द लिहिणाऱ्याचे आणि नंतर त्याच्या वारसांचे. पेटीत पत्र आहे म्हणून ते छापायचा हक्क मिळत नाही. हक्काची मुदत देशानुसार वेगळी असते.

दप्तरदार

गोपनीयतेची आणखी एक बाजू. प्राध्यापकांच्या कागदांत दुसऱ्यांचं पुष्कळ असतं: विद्यार्थ्यांचे गुण, नापासांच्या याद्या, प्रबंधांवरचे परीक्षक म्हणून दिलेले गुप्त अहवाल, निवड समितीची टिपणं, कोणाच्या तरी अडचणीची पत्रं. हे नष्ट करू नका आणि उघडंही ठेवू नका. वेगळ्या लखोट्यात, वर 'अमुक सालापर्यंत बंद' लिहून, मूळ जागेची नोंद करून ठेवा. एखाद्या विद्यार्थ्याचं शुल्क गुपचूप भरल्याची पावती मिळाली तर पुस्तकात प्रसंग यावा, नाव येऊ नये. देणाऱ्याने जे झाकून ठेवलं ते घेणाऱ्याला न विचारता उघडं करायचं नाही.

युनिकोडप्रेमी

१९९० नंतरचे बरेच कागद कागदावर नाहीतच. जुना संगणक मिळाला तर सुरू करून चाळत बसू नका. फाइल उघडून साठवली की 'शेवटचा बदल' ची तारीख बदलते. आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, उतरवून घ्या आणि ती चाळा. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ एमबीच मावतं, पण त्यात अख्खं प्रकरण असू शकतं. यूएसबी ड्राइव्हवर ती वाचता येते, पण अडखळली तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ती खरवडू नका.

मराठीची खास अडचण म्हणजे युनिकोडपूर्व फाँट, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी युनिकोड ही अक्षरपद्धत रुळण्याआधीचे. फाइल उघडते आणि इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. कुटुंबीयांना वाटतं फाइल बिघडली, आणि ती पुसली जाते. ती बिघडलेली नसते. त्या संगणकातला फाँट शोधा, त्याची प्रत फाइलींच्या शेजारी ठेवा, त्या फाँटमध्ये उघडून पीडीएफ काढा आणि मगच युनिकोडमध्ये रूपांतर करा. रूपांतरात रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं चुकतात. पीडीएफशी ताडून प्रत्येक पान वाचावं लागतं.

ईमेलची घाई करा. नोकरीच्या संस्थेचं खातं निवृत्तीनंतर बंद होऊ शकतं आणि काही मोफत सेवा दोन वर्षं न वापरलेली खाती पुसतात.

पानांतर

नोंदवहीचं पटलं. आता लेखनाचं विचारतो. कालक्रमाने लिहावं की विषयवार? घर, अध्यापन, संशोधन, समाज असे चार भाग केले तर?

तिथिनिश्चय

चार भाग करू नका, चार रकाने करा. मोठ्या कागदावर दर वर्षाला एक ओळ आणि घर, वर्ग, संशोधन, समाज हे चार रकाने. चाळीस वर्षांना चाळीस ओळी. प्रत्येक नोंदीपुढे खण-गठ्ठा क्रमांक. मग आडवं वाचा. प्रबंध तीन वर्षं लांबला त्या वर्षांत घरच्या रकान्यात काय आहे? वसतिगृहाचं काम अंगावर घेतलं त्या वर्षी लेख किती छापले? चार वेगळी प्रकरणं केलीत की हे ताणच दिसत नाहीत, आणि खरं आयुष्य त्या ताणांत होतं.

पुन्हा ब्लॉक यांच्याकडे पाहा. सहा मुलांचा बाप, १९३६ पासून पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक, वयाच्या ५३ व्या वर्षी स्वेच्छेने सैन्यात, मग लियाँमध्ये जर्मन ताब्याविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत, आणि १६ जून १९४४ ला गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) गोळ्यांनी मृत्यू. पत्नी सिमोन त्यानंतर काही आठवड्यांतच गेल्या. घर, विद्वत्ता आणि नागरिकत्व अशा तीन प्रकरणांत हे आयुष्य बसवून बघा, काय हरवतं ते लगेच कळेल.

रिकामे चौकोन रिकामेच ठेवा. सलग तीन वर्षांचा एखादा रकाना रिकामा असेल तर तिथे कागद गेले आहेत किंवा माणूस गप्प झाला आहे. दोन्ही शोधण्यासारखं.

निळी_वही

समाजकार्याबद्दल एक: विशेषणं काढा, इतिवृत्तं मोजा. 'वाचनालयासाठी झटले' ऐवजी किती वर्षं सभासद, किती सभांना हजर, किती ठराव मांडले, त्यांतले किती नामंजूर झाले. नामंजूर ठराव जरूर घ्या. माणूस कशासाठी एकटा उभा राहिला ते तिथेच लिहिलेलं असतं. इतिवृत्तात वाद सौम्य करून लिहिलेला असतो, म्हणून त्याच आठवड्याची डायरी आणि पत्रं शेजारी ठेवून वाचा.

भांडणं गाळू नका. सहकाऱ्यांशी मतभेद, मुलांशी अबोला, अपुरा राहिलेला ग्रंथ हे सगळं गाळून उरतो तो गौरवग्रंथ, आणि तो प्रकाशन समारंभानंतर कोणी उघडत नाही.

ओलीशाई

शेवटी कागद आणि पुस्तकं कुठे द्यायची हा प्रश्न येतोच. घाईत पुस्तकं ग्रंथालयाला, कागद संस्थेला, फोटो घरी अशी वाटणी होते आणि संग्रह तुटतो. जिथे द्यायचं तिथे आधी लेखी विचारा: संग्रह एकत्र राहील का, सूची कोण आणि कधी करणार, बंद लखोटे बंद राहतील का, नको असलेल्या प्रती परत मिळतील का, घरच्यांना पाहायला मिळेल का. उत्तरं दानपत्रात लिहून घ्या.

ग्रंथालयाकडे ज्याची प्रत आधीच असते ते पुस्तक बहुधा बाजूला काढलं जातं, मग त्यात समासात लिहिलेलं असो वा नसो. म्हणून देण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा हातात घ्या. अर्पणाच्या ओळी, समासातली टिपणं आणि मध्ये खोचलेल्या चिठ्ठ्या असलेली पुस्तकं वेगळ्या यादीत घाला आणि कागदांबरोबरच ठेवा. चिठ्ठी काढून घेण्याआधी ती कोणत्या दोन पानांच्या मध्ये होती ते तिच्या मागे पेन्सिलीने लिहा. पुस्तक उलटं धरून झटकू नका, चिठ्ठ्या एकदा खाली पडल्या की कोणती कुठली ते पुन्हा लागत नाही.